पराग आरोग्य सुधारतो

पराग कुणाला ‘कसा आहेस?’ असं विचारत नाही. ‘झोप किती झाली?’ असं विचारतो. आपण ‘चांगली झाली की’ म्हणालो तर त्याच्या चेहऱ्यावर दया दाटून येते. ‘चांगली म्हणजे किती? त्यातली गाढ किती?’ त्या वेळी आपण झोपलेलो असल्यामुळं मोजायचं राहून गेलं, हे उत्तर त्याला चालत नाही. त्याची झोप त्याला मिनिटावर ठाऊक असते. डाव्या मनगटावर घड्याळ, उजव्या हाताच्या बोटात काळी अंगठी, आणि अलीकडं दंडावर रुपयाएवढी पांढरी चकती. ही चकती दर थोड्या वेळानं अंगातली साखर मोजते. परागला मधुमेह नाही. ‘मग मोजतोस कशाला?’ असं मावशीनं विचारलं, तेव्हा त्यानं पुरणपोळी खाल्ल्यानंतरचा स्वतःचा आलेख तिला दाखवला. मावशीला त्यातला उंच डोंगर तेवढा कळला. ती म्हणाली, ‘आवडलेली दिसते. आणखी एक वाढू?’

पराग हे नाव मी ठेवलेलं आहे. तुमच्या घरात तो केदार असेल, समीर असेल. साताऱ्याचा असेल, नाशिकचा असेल. आमचा मिरजेचा आहे आणि नात्यानं माझा मावसभाऊ. वालचंद कॉलेजमधून इंजिनियर झाला, पुढं शिकायला अमेरिकेला गेला आणि सनीव्हेलला राहिला. तिथल्या एका बड्या कंपनीत आधी तो कुणाला कुठली जाहिरात दाखवायची हे ठरवणाऱ्या विभागात होता. मग कंपनीनं त्याला उचलून आरोग्य विभागात बसवलं. जाहिरातीतला माणूस एकदम आरोग्यात कसा, असं मी विचारलं तर म्हणाला, ‘दादा, डेटा तो डेटाच.’ तेव्हा मी हसलो होतो. पुढं नीट वाचायला लागलो तसं हसू कमी झालं.

दर डिसेंबरात तो येतो आणि आल्या दिवसापासून मिरजेला आरोग्य समजावून सांगतो. याला धाडस लागतं. अमेरिकन मिशनच्या डॉ. विल्यम वानलेस यांनी इथं १८९४ साली रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांवर जगत आलं आहे. अजूनही जंक्शनवर उतरणाऱ्या गर्दीत एक्स-रेचं मोठं पाकीट काखेत धरलेली माणसं दिसतात. निम्मी कानडी बोलतात. रिक्षावाला तोंड बघून सांगतो, हाडाचा डॉक्टर की पोटाचा. तेव्हा परदेशातून येऊन मिरजेचं आरोग्य सुधारणारा पराग काही पहिला नव्हे. वानलेस मात्र भारतात जवळजवळ चाळीस वर्षं राहिले. पराग अठरा दिवसांच्या रजेवर येतो, त्यातले चार जेट लॅगमध्ये जातात.

त्याच्या श्रद्धेचा इतिहास सांगायला हवा. २००८ साली गूगलनं गूगल हेल्थ नावाची सोय काढली. आपली सगळी दुखणी, औषधं, तपासण्या एका जागी लिहून ठेवायच्या. परागनं जन्मापासूनचं सगळं त्यात भरायला घेतलं. मध्यरात्री मावशीला फोन यायचे. ‘आई, मला कांजिण्या कितवीत आल्या होत्या? किल्ल्याजवळ कुत्रं चावलं तेव्हा पोटात किती इंजेक्शनं दिली?’ मावशी झोपेतून उठून साड्यांचं कपाट उघडायची. तळाला लग्नाच्या बस्त्याची, साडीच्या दुकानाची एक जाड पिशवी होती. तिच्यात सगळ्या घराचे कागद. त्यांतून वाचून ती सांगायची, पराग तिकडं भरायचा.

गूगलनं २०११ मध्ये जाहीर केलं की फारसे लोक येत नाहीत, बंद करतो. आणि १ जानेवारी २०१२ ला बंद केलं. परागनं आपली कुंडली उचलून मायक्रोसॉफ्टच्या हेल्थव्हॉल्टमध्ये नेली. हेल्थव्हॉल्ट २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झालं. तोवर त्यानं कुंडलीची एक प्रत तिसऱ्या ठिकाणी भरून ठेवली होती, पण तिथला पासवर्ड ज्या फोनवर येणार तो नंबर त्यानं सोडला होता. मग पुन्हा मध्यरात्रीचा फोन. मावशीनं पुन्हा कपाट उघडलं. दुकानाचं नाव पुसट झालं होतं, बाकी पिशवी शाबूत होती.

चालत नाही ते बंद करण्यात गुन्हा नाही, हे मलाही मान्य आहे. किराणा दुकानंही बंद होतात. पण एक दुकान बंद झालं तर गिऱ्हाइकाची भूक दुसऱ्या दुकानात भागते, दमा तसा सुटत नाही. परागला यात अडचणच दिसायची नाही. एक बंद झालं की तो दुसऱ्याचा भक्त व्हायचा, आणि आधीच्याचं नाव त्याच्या तोंडून कधी निघायचं नाही.

२०१८ च्या जानेवारीत अ‍ॅमेझॉन, वॉरन बफे यांची बर्कशायर हॅथवे आणि जे. पी. मॉर्गन बँक अशा तिघांनी मिळून आपल्या नोकरांची आरोग्यसेवा स्वतःच उभारायचं ठरवलं. नुसत्या घोषणेनं अमेरिकेतल्या विमा आणि औषध कंपन्यांचे शेअर त्या दिवशी कोसळले. परागचा आवाज फोनवर कापत होता. जूनमध्ये तर कळस झाला. या उपक्रमाच्या प्रमुखपदी डॉ. अतुल गावंडे यांची निवड झाली. ‘दादा, आपला माणूस! यवतमाळ जिल्ह्यातलं उटी!’ गावंडे जन्मले ब्रुकलिनमध्ये. उटी वडिलांचं गाव. पण मिरजेतल्या मराठी घराला एवढं पुरलं. मावशीनं शेजारी पेढे दिले.

परागचे वडील, आमचे अण्णा, रेल्वेतले निवृत्त गार्ड. त्यांनी पेढा खाल्ला आणि गावंड्यांचं ‘बीइंग मॉर्टल’ मागवून वाचलं. त्यांना कंपनीपेक्षा पुस्तकातले आजोबा आवडले. उटीतले हे आजोबा जवळजवळ एकशे दहा वर्षं जगले, आणि म्हातारपणीही रोज रात्री घोड्यावर बसून शेतं बघून यायचे. अण्णा परागला म्हणाले, ‘याच्यावर काहीतरी काढा की तुम्ही. घोडा कितीला पडतो बघ.’

त्या उपक्रमाला पुढं हेवन असं नाव मिळालं. गावंड्यांनी २०२० च्या मे महिन्यात प्रमुखपद सोडलं आणि २०२१ च्या जानेवारीत हेवन गुंडाळत असल्याचं जाहीर झालं. तिघांनाही आपापलीच वाट बरी वाटली होती. जगातल्या श्रीमंतांतले श्रीमंत आणि शहाण्यांतला शहाणा एकत्र येऊनही तीन वर्षांत हात टेकले, यावर परागचं म्हणणं काय? ‘लर्निंग्ज खूप मिळाले.’

आमचे डॉक्टर आणि पराग यांची भेट दर वर्षी ठरलेली असते. डॉक्टर सत्तरीला आलेत. पेशंटची कार्डं बुटांच्या खोक्यांत, खोक्यांवर बाराखडी. कंपाउंडर ‘प’चं खोकं काढून बघता बघता कार्ड हातात देतो. परागला हे बघवत नाही. ‘डॉक्टरकाका, तुमच्याकडं चाळीस वर्षांचा खजिना आहे. स्कॅन करून द्या. आमचं मॉडेल त्यातून अख्ख्या मिरजेचा मधुमेह सांगेल.’

‘मिरजेला आहे हे मलाही ठाऊक आहे,’ डॉक्टर म्हणाले. ‘पण कार्डं माझी नाहीत रे, पेशंटची आहेत. त्यांना विचारायला हवं.’

‘विचारायचं कशाला? तिकडं तसं कायद्यात बसतं.’

बसतं, हे खरंच. २०१९ च्या नोव्हेंबरात बातमी फुटली की असेन्शन नावाची अमेरिकेतली मोठी रुग्णालय साखळी एकवीस राज्यांतल्या कोट्यवधी रुग्णांची माहिती, नावं आणि जन्मतारखांसकट, गूगलकडं देत होती. रुग्णांना सांगितलेलं नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. प्रकल्पाचं नाव मात्र नाइटिंगेल. दोघंही म्हणाले, कायद्यात बसतं. सरकारनं चौकशी लावली. त्याआधी लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयानं सोळा लाख रुग्णांच्या नोंदी गूगलच्या डीपमाइंडला दिल्या होत्या, मूत्रपिंडाचा धोका वेळेत कळावा म्हणून. हेतू चांगला होता. पण २०१७ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी ठरवलं की रुग्णालयानं कायदा मोडला. रुग्णांना याची कल्पना असायला हवी होती. आणि औषधांवर सवलत देणारी गुडआरएक्स? कोण कुठली औषधं घेतो ही माहिती तिनं फेसबुक-गूगलला जाहिरातींसाठी पोचवली, असा ठपका ठेवून अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०२३ मध्ये तिला पंधरा लाख डॉलरचा दंड केला. डेटा तो डेटाच.

आता खरं सांगायचं तर मिरजेच्या दवाखान्यातही गुप्तता अशी नसते. आमचा कंपाउंडर बाकांवरच्या गर्दीत मोठ्यानं पुकारतो, ‘मूळव्याधवाले पाटील, या आत!’ पाटील मान खाली घालून जातात. पण त्याच्या तोंडून गोष्ट निघाली तरी फार तर लक्ष्मी मार्केटपर्यंत जाते. विमा कंपनीपर्यंत जात नाही. आणि पाटलांना घरी गेल्यावर पेपर उघडल्या उघडल्या मूळव्याधीच्या मलमाच्या जाहिराती दिसत नाहीत.

परागवर अन्याय नको. त्याच्या जगात काही चांगलं घडलेलंच नाही, असं नाही. मधुमेहानं डोळ्याचा पडदा बिघडतो, तो फोटोवरून ओळखणारी प्रणाली गूगलनं मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातल्या आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांना बरोबर घेऊन घडवली, आणि तिची परीक्षाही चोख झाली. पण हीच प्रणाली थायलंडमधल्या सरकारी दवाखान्यांत नेली, तेव्हा पाचातल्या एकाहून जास्त फोटो तिनं परत केले. खोलीत उजेड होता, फोटो धूसर होते, इंटरनेट रखडत होतं. फोटो नाकारला की पेशंटनं पुन्हा कधीतरी दुसऱ्या गावच्या रुग्णालयात जायचं. नर्सबाई वैतागल्या. हे सगळं गूगलच्याच संशोधकांनी २०२० मध्ये प्रामाणिकपणे लिहून छापलं. मला ती माणसं आवडली. परागला तो लेख मी पाठवला, तर त्याचं उत्तर आलं, ‘लाइटिंग इश्यू.’

पण परागची खरी करामत अण्णांच्या घड्याळाची. एका डिसेंबरात त्यानं अण्णांच्या मनगटावर त्याच्या विभागाचं नवं घड्याळ बांधलं. नाडी, पावलं, झोप, सगळं इथून निघायचं आणि सनीव्हेलला पोचायचं. मी उगाच असलीच घड्याळं करणाऱ्या फिटबिटचा विषय काढला. गूगलनं ती कंपनी २१० कोटी डॉलरला घेतली आणि २०२१ च्या जानेवारीत व्यवहार पुरा झाला. युरोपीय आयोगानं त्याआधी दहा वर्षांची अट लिहून घेतली की तिकडच्या लोकांच्या नाडीचा जाहिरातींसाठी वापर करायचा नाही. मिरज युरोपात येत नाही. ‘अरे, कंपनीनं आश्वासन सगळ्यांनाच दिलंय,’ पराग म्हणाला. अण्णांनी एवढंच विचारलं, ‘आणि दहा वर्षांनंतर?’ ‘तोवर तुम्ही पंच्याऐंशीचे असाल अण्णा,’ पराग म्हणाला, आणि हे उत्तर नेमकं कुणाच्या बाजूचं, हे तिथं कुणालाच कळलं नाही.

पहिले काही महिने निरोप येत राहिले. ‘अण्णा, काल तीन हजारच पावलं.’ ‘अण्णा, रात्री दोनला उठला होता?’ अण्णा रात्री दोनला का उठतात हे पंच्याहत्तरीच्या माणसाला विचारायचं नसतं, पण तेही असो. मग मावशीच्या लक्षात आलं की परागचा रविवारचा फोन बंद झालाय. तिनं एकदा स्वतःच लावला. तो म्हणाला, ‘अगं, सगळं ग्रीन दिसतंय ना मला. रेड आलं तर मी करीनच.’

गार्ड म्हणून हयात काढलेल्या माणसाला एवढं पुरे होतं. पुढच्या रविवारी संध्याकाळी आठच्या सुमाराला अण्णांनी घड्याळ काढून झोपाळ्यावर ठेवलं, फोन मांडीवर घेतला आणि वाट बघत बसले. पंधरा मिनिटांत घंटी वाजली.

‘अण्णा! तुमची नाडी लागत नाहीये!’

‘असं? बघतो हं. बाकी काय म्हणतोस? सूनबाई काय करतायत? पोरीच्या दाताला तार बसवली का?’

वीस मिनिटं निवांत बोलणं झालं. मावशीनंही बोलून घेतलं, लोणच्याचा विषय झाला. मग अण्णांनी घड्याळ पुन्हा बांधलं. सनीव्हेलला हिरवं झालं.

त्यानंतर दर रविवारी हेच. मी बघायला गेलो तेव्हा अण्णा म्हणाले, ‘साखळी ओढली की गाडी थांबतेच.’ तिकडं परागनं आपल्या विभागात रीतसर तक्रार नोंदवली होती की उष्ण हवामानात, विशेषतः रविवारी संध्याकाळी, सेन्सर बंद पडतो. चार इंजिनियर त्यावर काम करत होते. त्यातल्या एकाला आर्द्रतेचा संशय होता. ही गोष्ट मी परागला अजून सांगितलेली नाही. हा लेख त्याच्यापर्यंत पोचेल अशी भीती नाही. तो हल्ली लेख वाचत नाही, यंत्राकडून सारांश करून घेतो, आणि सारांशात झोपाळा उरत नसावा.

यंदा पराग जुलैतच आला. पावसात भिजत, दोन मोठ्या बॅगा घेऊन. अ‍ॅमेझॉन केअर ही आरोग्यसेवा २०२२ च्या अखेरीला बंद झाली, अ‍ॅमेझॉनचाच मनगटावर बांधायचा हॅलो पट्टा २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हा पराग शांत होता. आता त्याच्या स्वतःच्या कंपनीनं आरोग्य विभाग आवरता घेतला होता. पहाटे ईमेल आला, सकाळी लॅपटॉप उघडेना. कंपनी आरोग्यातून बाहेर पडून आता कशात शिरणार आहे, हे त्यानं मला सांगितलं, पण ते मला समजलं नाही, आणि त्यालाही समजलं असावं असं वाटलं नाही. अण्णांचं घड्याळ आता नुसती वेळ दाखवतं. ते म्हणतात, वेळ बरोबर दाखवतं.

अमेरिकेत आरोग्यविमा निम्म्याहून जास्त लोकांना नोकरीतून मिळतो. नोकरी गेली की विमाही हातचा जातो. काही काळ ठेवायचा तर सगळा हप्ता पदरचा भरायचा. हे मी परागकडूनच ऐकलं, आणि पहिल्यांदाच तो आरोग्याबद्दल बोलताना हातवारे करत नव्हता. मग लगेच सावरला. ‘म्हणून म्हटलं, आलोच आहे तर सगळं इथंच उरकून घेऊ.’ पहिल्या आठवड्यात रूट कॅनाल. मग डोळे. मग रक्ताच्या तपासण्या. एकेका पावतीचे डॉलर करून बघायचा आणि टाळी द्यायला हात पुढं करायचा. मावशीनं सगळ्या पावत्या न बोलता पिशवीत टाकल्या.

डॉक्टरांनी त्याचं बीपी बघितलं. दोनदा बघितलं. मग त्याच्या मनगटाकडं बोट करून म्हणाले, ‘हे काही बोललं नाही का तुला? निदान नाडी वाढलीय म्हणून?’

‘बोलायचं की. मीटिंग चालू असताना सारखं टणटण करायचं. म्हणून सूचना बंद करून टाकल्या होत्या.’

‘किती महिने?’

पराग आढ्याकडं बघत राहिला. आमच्यापैकी कुणी हसलं नाही, कंपाउंडर सोडून. गोळी सुरू झाली, मीठ कमी झालं, आणि दर सोमवारी येऊन बीपी दाखवून जायचं असं ठरलं. त्याच्यासाठी ‘प’च्या खोक्यात नवं कार्ड तयार झालं. कंपाउंडरनं वर निळ्या शाईनं लिहिलं, ‘बीपी, अमेरिका’.

गेल्या सोमवारी मी त्याच्याबरोबर गेलो होतो. बाक भरलेले, आमचा नंबर बारावा. परागला दहा मिनिटांत नवी कल्पना सुचली. शेजारी अथणीकडची एक आजी बसली होती, हातात एक्स-रेचं पाकीट. तिला तो सांगू लागला की घरबसल्या नंबर लागेल असं एक अ‍ॅप तो काढणार आहे. असं बाकावर ताटकळत बसावंच लागणार नाही. तुम्ही अथणीहून निघालात की यंत्राला कळेल, गुडघ्याचा फोटो आधीच पोचलेला असेल, गर्दी कधी होणार याचाही अंदाज मांडता येईल. हातवारे परत आले होते. आजी मान डोलवत होती. तिला मराठी किती कळत होतं, कोण जाणे.

आतून कंपाउंडर ओरडला, ‘बीपी अमेरिका!’

पराग मॉडेलबद्दल सांगत होता. मी त्याच्या दंडाला हात लावला, तर बोट वर करून त्यानं ‘एकच मिनिट’ अशी खूण केली.

‘बीपी अमेरिका! आहेत का गेले?’

आजीचा नंबर तेरावा होता. ती उठली, पाकीट काखेत मारलं, परागच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘तुमचं चालू द्या,’ आणि आत गेली.